मिस्त्री स्लॅबखाली झोपत नसत

माझ्या रागाची ख्याती आमच्या घरात फार जुनी. अम्मी म्हणायची, हा पोरगा पोटातूनच भांडत बाहेर आला. नांदेडला अब्बांचं कूलरचं छोटं दुकान होतं. पत्रा कापायचा, वाकवायचा, जाळीत वाळा भरायचा, मोटर बसवायची. दुकानात गिऱ्हाइकाशी गोड बोलावं लागतं आणि ते मला सात जन्मांत जमलं नसतं, म्हणून अब्बांनी मला सिव्हिलच्या डिप्लोमाला घातलं. "तिथं विटांशी बोल," म्हणाले. बांधकामावर विटांपेक्षा माणसांशीच जास्त बोलावं लागतं, हे त्या बिचाऱ्यांना कुठं ठाऊक होतं!

मी सुपरवायझर म्हणून लातूरला गेलो तेव्हा भूकंपाला आठ-नऊ वर्षं झाली होती आणि शहरात क्लासेसचा नुसता सुळसुळाट झाला होता. दहावीचा निकाल लागला की हदगाव, किनवट, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन बसमधून उतरायची. त्यांना राहायला खोल्या पाहिजेत, म्हणून ज्याच्याकडे म्हणून प्लॉट होता तो होस्टेल बांधत सुटला होता. आमचे मालक निवृत्त प्राध्यापक. रोज सकाळी स्कूटरवर यायचे, "जूनच्या बॅचला खोल्या तयार पाहिजेत" एवढं एकच वाक्य बोलायचे आणि निघून जायचे. जूनला तयार म्हणजे सगळं काम एप्रिल-मेमध्ये. लातूरचा मे! सकाळी दहाला सळईला हात लावला की फोड यायचा.

ठेकेदाराच्या तीन-चार साइट होत्या, तो दिवसातून एकदा तोंड दाखवून जायचा. त्यामुळे साइटचा बादशहा मी. वय सव्वीस, डोक्यावर टोपी, ऑफिसच्या खोलीत अब्बांनी स्वतःच्या हातानं बनवून पाठवलेला कूलर. मिजास विचारू नका.

माझी मिजास उतरवायला तिथं आक्का होती. आक्का म्हणजे आमच्या बायकांच्या टोळीची मुकादमीण. बिलोलीकडची, पन्नाशीची, काटक. घमेलं डोक्यावर असताना मान जराही हलायची नाही आणि माझ्यापुढेही हलायची नाही. पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. टोळीत एक नवीन बाई आली होती. मी बघतो तर तिचं घमेलं अर्धं भरलेलं, आणि अकरा वाजताच ती सावलीला बसलेली.

"आक्का, ही काय पाहुणी आली का? कामून बसवून ठेवली तिला?"

"नवी हाय, साहेब. आठ दिवस ऊन अंगात मुरू द्या तिच्या. मग बघा, तुमच्यापेक्षा जास्त पळंल."

"ऊन काय लोणचं आहे का मुरायला!"

सगळ्या बायका हसल्या, माझ्यावर की माझ्या विनोदावर ते आजपर्यंत कळलेलं नाही. आक्का मात्र हसली नाही. तिचे कायदे पक्के होते. काम पहाटे पाचला सुरू. बारा वाजले की उतरायचं, चारला परत चढायचं. पाण्याचा रांजण सावलीत आणि त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं. तहान लागो न लागो, घमेल्यांच्या दर काही फेऱ्यांनंतर पाणी प्यायचंच. आणि प्रत्येकीची एक जोडीदारीण ठरलेली. जोडीदारणीचं काम एकच, दिवसभर दुसरीच्या तोंडाकडे लक्ष ठेवायचं. तोंड लाल झालं, पाय लटपटले, बोलणं येडंवाकडं झालं की ताबडतोब खाली उतरवायचं, कोणाला विचारायचं नाही. मला तर नाहीच.

मी ओरडायचो. आक्का म्हणायची, "तुम्ही बोला साहेब, मी ऐकून राहिले." बारा वाजले की ऐकता ऐकताच जिना उतरायची. एका माणसानं अशा बाईशी भांडावं तरी किती? पंधरा दिवसांत मी गप्प झालो. वर ठेकेदाराला रुबाबात सांगितलं, दुपारची सुट्टी मी सुरू केली म्हणून. हो, एवढा निर्लज्ज होतो.

दुपारी सगळे तळमजल्यावर झोपायचे. तो स्लॅब एव्हाना पक्का झाला होता, खालचे टेकू काढले होते, चारी बाजूंनी वारा यायचा. पहिल्या मजल्यावर नुकतेच उभे राहिलेले कॉलम होते, त्यांना ओली पोती गुंडाळलेली असायची, नळीनं दिवसातून तीनदा पाणी मारायचं. त्या बाबतीत मालक फार कडक. भूकंपानंतर सगळ्या लातूरनं तड्यांचा धसकाच घेतला होता. माणसाला ताप आला तर उद्या बघू म्हणतील, पण भिंतीला केसाएवढा तडा दिसला की तासाभरात इंजिनीअर हजर. टँकर आला की आधी कॉलमचं पाणी, मग दुसरं काही.

आता मिस्त्रींचं सांगतो. आमचे मुख्य गवंडी. भूकंपाच्या पट्ट्यातले, चाळिशी ओलांडलेले, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मोजकं. त्यांच्या हातची भिंत ओळंब्याला अशी लागायची की मी तपासायचंही सोडून दिलं होतं. मी साऱ्या जगाला अरे-तुरे करायचो, त्यांना मात्र तुम्ही म्हणायचो. त्यांच्या घरातले लोक भूकंपात गेले, एवढं कानावर होतं. कोण गेलं, किती गेले, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढी फिकीरही नव्हती.

त्यांची एक गोष्ट मला खटकायची. दुपारी सगळे स्लॅबखाली आडवे होत आणि हे मात्र एकटे सिमेंटच्या शेडमध्ये जात. शेड म्हणजे चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, आत सिमेंटच्या गोण्या, हवेला एक दार. मला वाटायचं, बायकांमध्ये झोपायला लाजतात. मग वाटायचं, मोठे मिस्त्री ना, मजुरांत मिसळायचं नसेल. मी पत्रेवाल्याचा पोरगा! मे महिन्यात बंद पत्र्यात काय होतं ते मला कळू नये? दुकानात दुपारी आम्ही पत्र्याला हात लावत नव्हतो. पण कळलं नाही. आणि आक्काचा जोडीचा कायदा बायकांपुरता होता. गवंड्यांना जोडीदार नव्हता. मिस्त्रींच्या तोंडाकडे बघणारं कोणीच नव्हतं.

तो दिवस वाऱ्याचा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. सकाळी मालक जरा जास्तच घाई करून गेले, म्हणून मिस्त्रींनी बारानंतरही तासभर काम ओढलं, आणि मी त्यांना थांबवलं नाही. मग ते शेडमध्ये गेले. चारला सगळे उठले. मिस्त्री उशिरा आले आणि बाहेरच्या भिंतीवर विटा मांडायला लागले. मी बघतो तर काय, मधे सिमेंट-वाळूचा मसालाच नाही! नुसती विटेवर वीट. दोरी एकीकडे, विटा दुसरीकडे.

"मिस्त्री, काय करून राहिलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे तांबारलेले. जीभ जड झालेली. म्हणाले, "पोरी उठल्या का, बघा जरा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या नांदेडच्या बाजूला उन्हाळ्यात शिंदी पिऊन पडलेले लोक मी लहानपणापासून पाहिलेले. तोच झोक, तीच जीभ. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "वा रे वा मिस्त्री! भरदुपारी चढवली का?" दोघं-तिघं फिदीफिदी हसले. मग मी त्यांच्या दंडाला धरून ढकललं. "जा, झोप जाऊन शेडमध्ये. उतरली की ये." रोज तुम्ही म्हणायचो, त्या दिवशी तू म्हणालो.

ते गेले. निमूटपणे, भिंतीला धरत, परत त्याच शेडमध्ये गेले. मी ऑफिसात जाऊन कूलरसमोर बसलो.

अर्ध्या तासानं आक्का वरून उतरली. "मिस्त्री कुठं हायत?"

"पिऊन आलाय तुझा मिस्त्री. झोपवलाय."

आक्का माझ्याकडे अशी बघायला लागली की मी खुर्चीवरून उठलोच. "साहेब, त्यांच्या गळ्यात माळ हाय. त्यांनी जन्मात कधी थेंब घेतला न्हाई." आणि ती पळत सुटली. पन्नाशीची बाई, मी तिला कधी पळताना पाहिलं नव्हतं.

शेडचं दार उघडलं तर आतून भट्टीसारखी झळ आली. मिस्त्री गोण्यांच्या कडेला वाकडे पडलेले. मी हात लावला आणि चटकन मागे घेतला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठक्क. घामाचा टिपूस नाही. हाक मारली तर डोळ्यांचं नुसतं पांढरं दिसलं. या अल्लाह! मारलं की मी या माणसाला!

त्यांना उचलून आम्ही सरळ स्लॅबखाली नेलं, दुसरीकडे नेणार कुठं? आक्कानं वर बघून आरोळी ठोकली, "कॉलमची पोती सोडा!"

कोणीतरी म्हणालं, "आक्का, कॉलम तडकतील, मालक..."

"तडकू दे कॉलम! मालकाला म्हणावं मला इच्यार!"

वरून धपाधप ओली पोती खाली पडायला लागली. आक्कानं मिस्त्रींचा सदरा फाडला, पोती अंगावर टाकली, नळी सोडली. एकानं घाबरून त्यांच्या तोंडात पाणी ओतायला घेतलं तर तिनं त्याचा हात झटकला. "शुद्ध न्हाई त्येंला. तोंडात नको, ठसका लागंल. अंगावर ओत." मला तोवर एवढंच सुचलं की नुसतं ओलं करून भागत नाही, वारं पाहिजे. अब्बा दुकानात कायम हेच बडबडायचे, ओल आणि वारं दोन्ही असेल तर कूलर, नाहीतर नुसता डबा. मी ऑफिसातून कूलर ओढत आणला, तार जोडली, त्याचा सगळा वारा त्या पोत्यांवर सोडला. समोरच्या रसवंतीवाल्यानं न विचारता बर्फाची लादी आणून फोडली. आक्कानं तुकडे फडक्यात बांधून मानेशी, काखेत ठेवले.

थोड्या वेळानं त्यांचे डोळे जरा उघडले. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्यांची नजर वर गेली, स्लॅबवर. आणि त्या माणसानं जी किंकाळी फोडली! अंगात त्राण नाही, उठता येत नाही, तरी कोपरांवर सरपटत बाहेर जायला बघताहेत. "वर... वरून येतंय... पोरी..." आम्ही चौघं धरतोय तर आवरेनात. अशा अवस्थेत झटापट म्हणजे उरलासुरला जीव काढून घेणं. पण बाहेर तर ऊन आग ओकत होतं. स्लॅबखाली ठेवावं तर हा हाल, उन्हात ठेवावं तर मरण. मला काय करावं कळेना.

आक्काला कळलं. "बाहेर घ्या त्येंला. पोरींनो, ताडपत्री आणा."

सिमेंट झाकायची जाड ताडपत्री होती. आठ बायकांनी ती चारी बाजूंनी धरून डोक्याच्या वर उंच उचलली आणि मिस्त्रींना आम्ही मोकळ्या जागेत त्या सावलीत आणून ठेवलं. पोती, नळी, कूलर, सगळं मागोमाग आलं. मिस्त्रींनी वर पाहिलं. ताडपत्री कूलरच्या वाऱ्यानं फडफडत होती. ते शांत झाले. त्या बायका उन्हात उभ्या, हात वर. हात भरून आले की दुसरी येऊन कोपरा धरायची, पहिली रांजणाकडे जाऊन पाणी पिऊन परत यायची. एकीनंही कुरकुर केली नाही. आक्काची ती नवी बाईही त्यांच्यात होती. टेम्पो मिळेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. आजही त्यांची नावं मला सांगता येणार नाहीत, याची लाज वाटते. त्यांचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोती बघून विचारलं, हे कोणाचं डोकं? मी आक्काकडे बोट दाखवलं. "बाई, हे केलं नसतं तर इथं आणून उपयोग नव्हता," ते म्हणाले. आक्का पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आता तरी वाचतील ना?" डॉक्टर म्हणाले, आजची रात्र जाऊ द्या. ती गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पेज मागितली. मी बाहेर येऊन रस्त्यावरच शुकराना अदा केला.

त्यांनी आक्काला सांगितलं ते तिनं मला सांगितलं. दगड-मातीचं घर होतं, वर माळवद, म्हणजे लाकडांवर हातभर मातीचं छत. बायको आणि दोन पोरी त्याच्याखाली गेल्या. त्यानंतर काही वर्षं सरकारनं दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्येच काढली. स्लॅबखाली उभ्यानं काम करता येतं, पण पाठ टेकून वर बघवत नाही. पत्र्याखाली झोप लागते. "पत्रा अंगावर पडला तरी माणूस मरत न्हाई," म्हणाले. एवढी साधी गोष्ट. दोन महिने रोज तो माणूस माझ्यासमोरून शेडमध्ये जात होता, आणि मी एकदाही विचारलं नाही की मिस्त्री, तिकडं कामून?

त्यांना त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. मी त्यांना पिलेला ठरवून हाकललं, हेही आठवत नव्हतं. आणि आक्कानं ते सांगितलं नव्हतं. मी तिला दवाखान्याच्या पायरीवर गाठलं. "आक्का, तू बोलली नाहीस?"

"ते तुमचं तुम्ही सांगा. न्हाई सांगितलं तरी तुमची मर्जी."

कसली मर्जी! गळ्यात धोंडा बांधून गेली बाई.

दुसऱ्या दिवशी मी पहिलं काम केलं ते शेडला कुलूप. सामान काढण्याशिवाय आत कोणी जायचं नाही. मग मोकळ्या जागेत बांबू रोवून मांडव घातला. वर चटया, त्यावर पोती, बाजू उघड्या. कॉलमच्या पोत्यांबरोबर मांडवाच्या पोत्यांवरही पाणी मारायचं असा हुकूम काढला. मालक म्हणाले, हे पाणी कशाला वाया? मी त्यांच्यावर जो भडकलो तो माझ्या आयुष्यातला सर्वांत कारणी लागलेला राग. बिचारे स्कूटर सुरू न करताच ढकलत घेऊन गेले. कॉलम काही तडकले नाहीत, हेही सांगून ठेवतो. गवंड्यांनाही आक्कानं जोड्या लावून दिल्या, आणि मिस्त्रींच्या जोडीला मलाच नेमलं. "ते आल्यावर रोज तोंड बघायचं त्येंचं. आणि बोलायचं. ओरडायचं न्हाई, बोलायचं."

पुढं कितीतरी साइटवर, लातूरला आणि नंतर नांदेडलाही, मी पाया खणायच्या आधी मांडव उभा केला. लोक हसायचे, लग्न कोणाचं म्हणून विचारायचे. हसू दे. माझ्या हाताखाली परत कोणी असं पडलं नाही, ही आक्काची मेहरबानी.

पण मिस्त्रींना सांगायचं राहिलं होतं. ते महिन्यानं आले. तोवर तळमजल्यावर पोरं राहायला आली होती, वरच्या मजल्याचं काम अजून चालूच होतं आणि खाली खिडक्यांत अब्बांचे कूलर लागत होते. मिस्त्री वाळले होते, काठी घेऊन चालत होते. मांडवाखाली जाऊन बसले, वरच्या चटयांकडे बघितलं, "गार हाय," म्हणाले. मी शेजारी बसलो. मला वाटलं, आज नाही बोललो तर मरेपर्यंत बोलणार नाही.

"मिस्त्री, त्या दिवशी मी तुम्हाला दारू पिलेला म्हणालो. सगळ्यांसमोर. हाताला धरून परत शेडमध्ये ढकललं. अर्धा तास तुम्ही त्या आगीत पडून होता, ते माझ्यामुळे."

मी शिव्यांची वाट बघत होतो. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"अर्धा तास?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"भूकंपाच्या पहाटे मी माळवदाखाली होतो. आधी पोरींचा आवाज येत होता. मग यायचा थांबला. लोकांनी मला वर काढलं तवा सूर्य डोक्यावर आला होता." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही लई लवकर आलात, साहेब."

मी सगळ्या साइटच्या देखत ढसाढसा रडलो.